अकरा मिनिटं

आधी वास येतो. शेवाळ मागून.
कॉन्सेटच्या वळणावर बसचा ड्रायव्हर
न सांगता खिडकी लावून घेतो,
आणि माझ्या दवाखान्यातलं बाकडं
दुपारपर्यंत डोकं धरून बसलेल्यांनी भरतं.

वेल्डाच्या कानातली चांदी
मेच्या पहिल्याच आठवड्यात काळी पडली.
"बघ, नर्स," ती म्हणाली,
"सडतोय समुद्र, आणि घरघरतेय मी."
मी छाती तपासली, पंप लिहून दिला.
तिनं चिठ्ठी दुमडून झग्याच्या खिशात घातली
आणि जाता जाता माझ्याच कुंपणावरून
सेरासीचा मूठभर पाला ओरबाडला.

रानटी कारलंच ते. फळ बोटाएवढं,
पिकलं की नारिंगी होऊन उलतं, आत लालभडक बिया.
पाला उकळला की काढा असा उतरतो
की जिभेला आपले जुने अपराध आठवावेत.
पंपही घे गं, मी मागून ओरडले.
"दोन्ही घेते. एक तू रागावू नयेस म्हणून,
एक मी बरी व्हावी म्हणून."
कुठलं कशासाठी, ते सांगितलं नाही.

ही बाई उडते मासे साफ करायची.
सुरी एकदा आत, एकदा बाहेर,
काटा अख्खा हातात, मासा अख्खा ताटात.
आता कार्लाइलची होडी
मऊ तपकिरी गालिच्यात रुतून उभी असते
आणि जाळ्यात येतं ते हेच:
दुरून सोनं, जवळून मण्यांचा गुंता.
एकेका मण्यात
समुद्रानं कोंडून ठेवलेला श्वास.

कार्लाइल ते मेंढ्यांना घालणार होता.
शेतकी खात्याची मुलगी धावतच आली:
नको, यात आर्सेनिक असतं.
मग खायचं नाही, विकायचं नाही,
जाळावं तर ओलं, पुरावं तर जमीन खारी.
करायचं काय याचं?

ऑस्मंड शाळेत रसायन शिकवतो
आणि घरी बायकोची बोलणी खातो.
त्यानं निळं पिंप आणलं,
रमच्या कारखान्यातून मळीचं पाणी,
कार्लाइलच्या मेंढ्यांच्या लेंड्या,
ट्रॅक्टरची ठिगळं लावलेली ट्यूब.
वेल्डानं शेवाळ धुतलं. तीन पाण्यांनी,
मासे धुवायची तशीच, मान वाकडी करून.
मीठ राहिलं तर पोटातले जंतू रुसतात, म्हणाला मास्तर.
"कुणाच्या पोटातले?"
"पिंपाच्या."
तेव्हापासून ती पिंपाला पेशंट म्हणते.

पहिला पेशंट दगावला.
दुसऱ्याची ट्यूब रात्री कुणीतरी कापून नेली,
पोरांनी तिच्यावर बसून खाडीत मजा केली म्हणे.
तिसऱ्याला वेल्डानं जुनं ब्लँकेट गुंडाळलं,
रोज सकाळी कान लावून ऐकायची.
"बुडबुडतोय," मला सांगायची,
जसं एखादं मूल दूध प्यायला लागलं.

त्रेचाळिसाव्या संध्याकाळी
ऑस्मंडनं नळी उघडली, काडी ओढली.
काही नाही.
दुसरी काडी. वारा.
तिसरीला कार्लाइलनं टोपी आडवी धरली
आणि त्या टोपीच्या ओंजळीत
निळं काहीतरी उभं राहिलं,
इतकं बारीक की आम्ही बोलायचं थांबलो.

वेल्डानं वर किटली ठेवली. पाण्यात सेरासी.
वासाचं पाणी, कडूचं पाणी,
एकावर एक.
उकळी फुटायच्या आत ज्योत आडवी झाली,
उठली, आणि गेली.
कोमट, अर्धाकच्चा काढा आम्ही चौघांनी प्यायला.
कुणीही तोंड वाकडं केलं नाही,
हे कडू नव्हतं म्हणून नव्हे.

खाली लाटेनं नवा ढीग आणून टाकला होता.
वेल्डा उठली, झगा खोचला,
आणि पाटी घेऊन उतरू लागली, खोकत.

सकाळी रजिस्टरमध्ये मी नोंदवलं:
डोकेदुखी सतरा, दमा चार.
त्याखाली रकाना नव्हता, तरी लिहिलं:
ज्योत. निळी. अकरा मिनिटं.